सुई न टोचता कळलेला रोग

नाईल नदी आम्हां ख्रिस्ती वाचकांना बालपणापासून ओळखीची आहे. लव्हाळ्याच्या पेटीत ठेवलेला तान्हा मोशे, स्नानासाठी नदीवर आलेली फारोची कन्या, रक्त झालेले पाणी आणि पुढे कित्येक शतकांनी हेरोदाच्या भयाने त्याच भूमीत आश्रयाला गेलेले पवित्र कुटुंब, ही चित्रे धर्मशिक्षणाच्या वर्गातच आपल्या मनावर कोरली गेलेली असतात. त्या नदीच्या काठी मात्र आणखी एक इतिहास घडत होता. तो राजांचा नव्हता आणि संदेष्ट्यांचाही नव्हता. गुडघाभर पाण्यात उभे राहून शेत भिजवणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि कालव्यात डुंबणाऱ्या त्यांच्या मुलांचा तो इतिहास होता, आणि त्याची नोंद त्यांच्या लघवीत होती.

विषय थोडा अवघड आहे हे आम्ही जाणतो. घरातील सर्वांच्या हाती पडणाऱ्या त्रैमासिकात लघवीची चर्चा कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु हा संकोचच या कहाणीतील एक महत्त्वाचे पात्र आहे. त्याला दाराबाहेर ठेवून कहाणी सांगताच येणार नाही.

उष्ण कटिबंधातील परोपजीवी रोगांचे निदान बहुधा सुईच्या टोकावरच होत आले आहे. हिवतापासाठी बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. हत्तीपायाचे जंतू दिवसा रक्तात सहसा सापडत नाहीत, ते रात्री बाहेर पडतात, म्हणून आरोग्यसेवकांनी कंदील घेऊन रात्री लोकांना झोपेतून उठवायचे. काळ्या आजाराची परीक्षा तर सर्वांत भयंकर. १९०३ साली मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी जिवंत रोग्याच्या सुजलेल्या प्लीहेत सुई घालून तो जंतू बाहेर काढला. त्याच वर्षी विल्यम लीशमन यांनी, दमदमच्या छावणीत ताप जडलेल्या एका सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या प्लीहेत दिसलेल्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. या दोघांच्या नावांनी तो जंतू आजही ओळखला जातो. प्लीहेत सुई घालण्याची ही पद्धत पुढे अनेक दशके चालली. सुई जराशी हलली तर आत रक्तस्राव होऊन रोगी दगावण्याचे भय असे. ज्या गावात धड खाट नाही, तेथे हे धाडस कोण करणार? एका पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून काळ्या आजाराचे निदान करण्याची सोय बिहारसारख्या प्रांतात पोहोचेपर्यंत विसावे शतक संपत आले होते.

या साऱ्या रोगांच्या रांगेत एक रोग मात्र असा आहे की ज्याची साक्ष शरीर आपण होऊन बाहेर टाकते. त्यासाठी सुई लागत नाही, चाकू लागत नाही. लागते ती एक स्वच्छ बाटली. त्या रोगाला वैद्यकाच्या ग्रंथांत शिस्टोसोमियासिस म्हणतात. इजिप्तमध्ये आणि जुन्या डॉक्टरांच्या तोंडी तो बिल्हार्झिया आहे, आणि आम्हीही येथे तेच नाव वापरणार आहोत.

प्रथम या रोगाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही उमगणार नाही. हा एक चपटा कृमी आहे, लांबीने एक ते दोन सेंटिमीटर. नराच्या अंगाला लांबट पन्हळ असते आणि त्या पन्हळीत बारीक दोऱ्यासारखी मादी आयुष्यभर वस्ती करते. हे जोडपे मूत्राशयाच्या भोवतालच्या शिरांत वर्षानुवर्षे राहते. मादी अंडी घालते, ती मूत्राशयाची भिंत भेदून लघवीवाटे बाहेर पडतात. भिंत भेदली जाते म्हणून रक्त येते, आणि तेही बहुधा लघवीच्या शेवटच्या थेंबांत. ही अंडी गोड्या पाण्यात पडली की फुटतात. त्यातून निघालेला सूक्ष्म जीव पोहत जाऊन विशिष्ट जातीच्या गोगलगाईत शिरतो, तेथे एकाचे हजारो होतात, आणि ते पुन्हा पाण्यात उतरून माणसाच्या अखंड कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. पाणी प्यायलाच पाहिजे असे नाही. पाय बुडवणे पुरेसे आहे. ज्या अंड्यांना बाहेरची वाट सापडत नाही ती शरीरातच अडकतात, आणि खरा घात त्यांच्यामुळे होतो. मूत्राशय कठीण होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. १९११ साली कैरोमध्ये फर्ग्युसन यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाशी या रोगाचा संबंध दाखवला. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीची गणना कर्करोग निश्चितपणे निर्माण करणाऱ्या कारणांत केली.

रोग किती जुना? इजिप्तच्या प्राचीन वैद्यक-पपायरसांत एका रोगाचा वारंवार उल्लेख येतो. तो म्हणजेच रक्तमूत्र, असे काही पंडितांनी मांडले, तर इतरांनी ते साफ नाकारले. शब्दांच्या या वादात आम्ही शिरत नाही, कारण शब्दांपेक्षा बळकट पुरावा उपलब्ध आहे. १९१० साली मार्क आर्मंड रफर यांनी विसाव्या राजवंशाच्या काळातील ममींची मूत्रपिंडे तपासली. वाळून लाकूड झालेले ते अवयव त्यांनी रसायनात मऊ केले, त्यांचे पातळ काप घेतले, आणि दोन ममींत त्यांना चुनखडी झालेली बिल्हार्झियाची अंडी दिसली. तीन हजार वर्षे ती तेथे पडून होती.

बायबलच्या अभ्यासकांसाठी येथे एक लक्षवेधी तर्क आहे. यरीहो नगरी पाडल्यावर यहोशवाने ती पुन्हा बांधणाऱ्याला शाप दिला, आणि पुढे अलीशा संदेष्ट्याने तेथील वाईट पाणी शुद्ध केले, हे आपण वाचतो. १९७१ साली ई. व्ही. हल्स या लेखकाने वैद्यकाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात असे सुचवले की त्या झऱ्याचे पाणी बिल्हार्झियाने दूषित झाले असावे आणि नगरी दीर्घकाळ ओस पडण्याचे ते एक कारण असावे. यरीहोच्या उत्खननात, हा रोग पसरवणाऱ्या गोगलगाईंचे शंख सापडले होते, हा त्यांचा आधार. तर्क चतुर आहे. पण शंख सापडणे वेगळे आणि रोग सापडणे वेगळे. पवित्र शास्त्रातील प्रत्येक प्रसंगाला वैद्यकीय चिठ्ठी जोडण्याचा हव्यास आम्हांला फारसा रुचत नाही. तरी गोड्या झऱ्याकाठी वसलेल्या प्राचीन माणसाला पाण्याचे भय का वाटत असे, याची कल्पना या तर्कावरून येते खरी.

नेपोलियनची फौज १७९८ साली इजिप्तमध्ये उतरली तेव्हा तिच्या सैनिकांना रक्ताची लघवी होऊ लागली. रनूल नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने १८०८ साली त्याचे वर्णन छापले. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधणारा माणूस त्या वेळी जन्मलाही नव्हता. जर्मनीतील सिगमारिंगेन येथे १८२५ साली जन्मलेला थिओडोर बिल्हार्झ आपले गुरू ग्रीसिंगर यांच्यासमवेत १८५० साली कैरोला गेला. कसर-अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करण्याचे काम त्याच्याकडे होते. पुढच्याच वर्षी एका शवाच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत त्याला पांढरे लांबट कृमी दिसले. भिंगाखाली पाहतो तो नराच्या पन्हळीत मादी! आपला हर्ष त्याने आपल्या दुसऱ्या गुरूला, फॉन सीबोल्ड यांना, पत्रांतून कळवला. त्या पत्रांतूनच हा शोध जगापुढे आला. या तरुणाला दीर्घायुष्य लाभले नाही. लाल समुद्रावरील मसावापर्यंतच्या एका प्रवासाहून परतताना जडलेल्या तापाने तो १८६२ साली कैरोतच वारला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

बिल्हार्झला कृमी सापडला तो मृत देहात. जिवंत माणसाच्या बाबतीत तो कृमी शिरेच्या आत, कोणाच्याही हाती न लागणारा. पण त्याची अंडी मात्र रोज लघवीतून वाहत होती, आणि अंड्याच्या एका टोकाला सूक्ष्म काटा होता. मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढे ते अंडे एकदा भिंगाखाली पाहिले की पुन्हा विसरणे अशक्य. दुसऱ्या कोणत्याही वस्तूशी त्याची गल्लत होत नाही. लघवी उंच भांड्यात तासभर ठेवावी, वरचे पाणी ओतून टाकावे, तळाचा गाळ काचपट्टीवर घ्यावा, एवढीच कृती. गाळात स्वच्छ पाणी घालून उजेडात ठेवले तर अंडी फुटून आतले जीव पोहताना दिसतात. रोग्याला काही दुखत नाही. फार तर तो लाजतो.

या साध्या काट्याने पुढे मोठी उलथापालथ केली. वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका रोग्याच्या लघवीत एकही अंडे नव्हते, परंतु शौचात होती, आणि त्यांचा काटा टोकाला नसून बाजूला होता. पॅट्रिक मॅन्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशी शंका काढली की ही कृमीची दुसरीच जात असावी. १९०७ साली साम्बोन यांनी तिला मॅन्सन यांचे नाव दिले. कैरोतील प्राध्यापक आर्थर लूस यांना हे मुळीच मान्य नव्हते. लूस मोठे विद्वान, पण हट्टी. रोग माणसाकडून थेट माणसाकडे जातो, मध्ये गोगलगाय वगैरे काही नाही, असे ते ठासून सांगत. १९१३ साली जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तेथल्या जातीसाठी गोगलगाय शोधून काढली, आणि १९१५ साली महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश सेनेने रॉबर्ट लायपर यांना इजिप्तमध्ये पाठवले. कैरोजवळच्या अल-मर्ग गावाच्या कालव्यांतील गोगलगाई गोळा करून लायपर यांनी दोन्ही प्रश्न एकदमच सोडवले. जाती दोन, त्यांच्या गोगलगाईही दोन निराळ्या. लूस यांचा सिद्धांत कोसळला.

त्याच महायुद्धात हिंदुस्थानी सैनिकही इजिप्त आणि मेसोपोटेमियात लढत होते. ते परत येताना हा रोग आपल्या तळ्याविहिरींत आणतील की काय, अशी चिंता सरकारला वाटू लागली. मुंबईत एम. बी. सोपारकर यांनी स्थानिक गोगलगाईंतील अशा जीवांचा कसोशीने अभ्यास केला आणि १९२१ साली गुरांमधील एका जातीचे जीवनचक्र प्रसिद्ध केले. आडनावावरून मूळ आमच्या सोपाऱ्याचे असावे, असे वाटून वसईकरांस उगाच अभिमान वाटेल, तर वाटो!

आपल्या देशातील गुरांमध्ये हे कृमी पूर्वीपासून आहेत. माणसाला मात्र येथे हा रोग नाही, असाच सर्वसाधारण समज होता. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये एक निबंध छापला आणि त्या समजाला तडा गेला. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तेथील लोकांना जडलेला रक्तमूत्राचा विकार म्हणजे बिल्हार्झियाच होय, असे या दोघांनी दाखवून दिले. गिमवी हे त्या वेळच्या मुंबई राज्यातले एक खेडे, नाईलपासून हजारो मैल दूर. तेथे हा रोग आला कसा? आफ्रिकेतील गोगलगाईंच्या जाती तर कोकणात नाहीत. गाडगीळ आणि शाह यांनी १९५५ साली पुढील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा संशय एका चिमुकल्या, टोपीसारख्या कवचाच्या फेरिसिया जातीच्या गोगलगाईवर होता. ही काही मिलिमीटरची गोगलगाय पाण्यातल्या पानांना आणि दगडांना चिकटून असते. पायाखाली आली तरी कळत नाही.

गिमवीची गोष्ट आम्हांला अनेक कारणांनी मोलाची वाटते. पहिले म्हणजे ती आपल्या मातीतली आहे. दुसरे असे की कोकणातल्या माणसाने आपल्या आजाराबद्दल बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यातून लघवीचा आजार म्हणजे काहीतरी पाप किंवा बाहेरख्यालीपणाची खूण, ही समजूत आपल्या गावांतून आजही पुरती गेलेली नाही. खाडीपलीकडच्या वैद्याकडे गुपचूप जाऊन उष्णतेचे औषध आणणारे गृहस्थ कोणत्या गावात नसतील? अशा वेळी बाटली पुढे करणारा माणूस रोग्याला कोणत्या स्वरात विचारतो, यावर सारे अवलंबून असते. १९९१ साली गिमवीतील रहिवाशांच्या रक्ताची एलायझा पद्धतीने तपासणी झाल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे चाळीस वर्षांनीही शास्त्रज्ञांची नजर त्या गावावर होती. भारतात माणसांतील बिल्हार्झियाचे ठाणे म्हणून वैद्यकाच्या वाङ्मयात आजतागायत मुख्यतः गिमवीचेच नाव घेतले जाते.

इजिप्तमध्ये मात्र हा संकोच उलट्या रीतीने काम करत होता. तेथे आजार लपवला जात नसे, कारण तो आजार आहे असे कोणी मानतच नसे. मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की त्याची लघवी लाल होणार. वयात येण्याचीच ती खूण, मुलींना होते तसे मुलांनाही होते, असे कित्येक खेड्यांत समजले जाई. सगळ्याच मुलांना जे होते त्याला रोग कोण म्हणेल? धरणे बांधून बारमाही पाटपाणी आले तसतसा रोग वाढत गेला. पूर्वी पुरानंतर कालवे कोरडे पडत, गोगलगाई मरत. आता पाणी बारा महिने खेळू लागले. पीक वाढले आणि कृमीही वाढले. अरब जगताचा लाडका गायक अब्देल हलीम हाफेझ याला हा रोग लहानपणी खेड्यातल्या कालव्यातच जडला होता. १९७७ साली तो लंडनच्या रुग्णालयात वारला. वय अवघे सत्तेचाळीस.

याच इजिप्तमध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. चीनमध्ये पूर्वी मिशनरी डॉक्टर म्हणून राबलेले क्लॉड बार्लो हे अमेरिकन गृहस्थ कैरोत गोगलगाईंच्या निर्मूलनाचे काम करीत होते. हा रोग अमेरिकेतील गोगलगाईंत रुजू शकेल काय, हे तपासण्यासाठी जिवंत गोगलगाई तिकडे पाठवण्याचा प्रयत्न फसला. तेव्हा १९४४ साली बार्लो यांनी स्वतःच्याच कातडीवर ते जीव सोडून घेतले आणि ते मायदेशी गेले. पुढे महिनोन्‌महिने ताप, वेदना आणि रक्ताची लघवी त्यांनी सोसली. आपल्या अंड्यांची मोजदाद ठेवली आणि १९४९ साली सहकाऱ्याबरोबर तिचा वृत्तांत छापला. याला शौर्य म्हणावे की अविचार, यावर आमच्यात एकमत झाले नाही.

बार्लो यांच्यावर जो उपचार झाला तो त्या काळचा एकमेव खात्रीचा उपचार होता. टार्टर एमेटिक नावाचे अँटिमनीचे औषध शिरेतून टोचायचे. १९१८ साली खार्टूममध्ये ख्रिस्तोफरसन यांनी त्याचा गुण जगाला दाखवला होता. एकदा टोचून भागत नसे, कित्येक आठवडे पुन्हापुन्हा टोचावे लागे. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत इजिप्त सरकारने खेड्याखेड्यांतून या टोचणीच्या मोहिमा काढल्या. हेतू शंभर टक्के चांगला. काचेच्या पिचकाऱ्या थोड्या, रोगी अगणित, आणि एका रोग्यानंतर दुसऱ्याला तीच सुई, नीट न उकळताच. त्या सुयांतून एक विषाणू खेडोपाडी पसरला. त्या काळी त्याला नावदेखील नव्हते. १९८९ साली त्याची ओळख पटली, तो हेपटायटिस सी. २००० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने इजिप्तमधील या यकृतरोगाच्या प्रचंड प्रसाराचा संबंध त्या मोहिमांशी जोडला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या रोगाचे निदान करताना रोग्याला ओरखडाही उठत नव्हता, त्याच रोगाच्या उपचाराने एका अख्ख्या पिढीच्या रक्तात मरण कालवले. यात खलनायक कोणी नाही. डॉक्टर राबत होते, परिचारिका राबत होत्या. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कृतीत, मग ती तपासणी असो वा उपचार, एक धोका दबा धरून बसलेला असतो, एवढेच. सुई न लागणारी परीक्षा ही केवळ रोग्याच्या सुखाची गोष्ट नव्हे, हे तेव्हापासून शास्त्रज्ञांना पुरते पटले. इजिप्तला त्या चुकीचे परिमार्जन करण्यासाठी २०१८-१९ साली काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची हेपटायटिस सी साठी तपासणी करावी लागली. तीही बोट टोचूनच, पण प्रत्येकाला नवी सुई घेऊन.

१९७० च्या दशकात जर्मनीत प्रॅझिक्वांटेल हे पोटात घेण्याचे औषध निघाले आणि टोचणी संपली. आता प्रश्न उरला तो औषध द्यायचे कोणाला हा. आफ्रिकेत लाखो मुले, डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सूक्ष्मदर्शक यंत्र असलेच तर विजेवाचून पडलेले. मग साधनांचा शोध सुरू झाला, आणि ती साधने जेवढी साधी तेवढी आम्हांला अधिक मोहवतात. दहा मिलिलिटर लघवी पिचकारीने बारीक जाळीतून दाबायची. पाणी गळून जाते, अंडी जाळीवर राहतात, ती मोजायची. पन्नास किंवा अधिक मोजली तर रोग भारी. लघवी घ्यायची ती सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, कारण अंडी माध्यान्हीच सर्वांत अधिक बाहेर पडतात. काही ठिकाणी मुलांना आधी थोडे पळायला लावत. शौचातील अंड्यांसाठी जपानच्या काटो यांची पद्धत होती. १९७२ साली ब्राझीलच्या काट्झ आणि सहकाऱ्यांनी ती सुधारून ठरावीक मापाच्या भोकाची पट्टी बनवली आणि मोजणीला शिस्त आणली. त्याही पुढे जाऊन, मधुमेहासाठी साखर तपासतात तशी रासायनिक पट्टी लघवीत बुडवून डोळ्यांना न दिसणारे रक्त ओळखता येऊ लागले. हे काम तर शाळामास्तरही करू शकत.

आणि शाळामास्तरांनी ते केलेही. टांझानियातील किलोसा जिल्ह्यात ख्रिश्चन लेंगेलर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग केला. त्यांनी शाळांकडे प्रश्नावल्या पाठवल्या. शिक्षकांनी मुलांना एकेक करून विचारायचे: गेल्या महिन्यात तुला काय काय झाले? ताप आला? खोकला झाला? पोट दुखले? लघवीतून रक्त गेले? खरा प्रश्न बाकीच्या प्रश्नांत दडवला होता, म्हणजे उत्तरे शिकवलेली नसावीत. पुढे पट्ट्यांनी आणि भिंगांनी पडताळणी झाली तेव्हा दिसले की ज्या शाळांत मुलांनी होकार दिला त्याच शाळांत रोग भारी होता. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९९५ पर्यंत आफ्रिकेतील अनेक देशांत तोच प्रयोग यशस्वी ठरला. यंत्र नाही, रसायन नाही, बाटलीदेखील नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला! वैद्यकशास्त्राला ही गोष्ट उमगायला बिल्हार्झनंतर एकशे चाळीस वर्षे लागली, कारण तोपर्यंत खेड्यातल्या पोराला कोणी विचारलेच नव्हते.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा होती. प्रश्नाचा उपयोग रोग भारी असेल तेथे. औषधाने रोग हलका झाला, रक्त थांबले, अंडी तुरळक झाली, की भिंगही हात टेकते. आज दिसली नाहीत ती अंडी उद्या दिसतील. मग कृमी जिवंत आहे की नाही हे ओळखायचे कसे? १९६७ साली बर्ग्रेन आणि नोबेल पारितोषिक विजेते टॉमस वेलर यांनी दाखवले होते की कृमीचा एक पदार्थ लागण झालेल्या प्राण्यांच्या रक्तात फिरत असतो. हॉलंडमधील लायडन येथे आंद्रे डेल्डर आणि सहकाऱ्यांनी या धाग्याचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. कृमी रक्त पितो, न पचलेले परत ओकतो, आणि त्या ओकारीतील शर्करायुक्त पदार्थ गाळले जाऊन लघवीत उतरतात. कृमी जिवंत असेल तोवरच ते येतात. १९९० साली याच गटाने ममींच्या शरीरांतूनही तो पदार्थ शोधून काढला आणि रफर यांच्या भिंगाने जे दाखवले होते त्याला रसायनशास्त्राची साक्ष मिळाली.

त्यातूनच लघवीचा एक थेंब टाकून काही मिनिटांत रेघ उमटवणारी परीक्षापट्टी तयार झाली. २००८ च्या सुमारास ती बाजारात आली. आतड्याच्या बिल्हार्झियासाठी ती फार उपयोगी ठरली, कारण शौच गोळा करण्यापेक्षा लघवी देणे मुलांना सोपे वाटते. गंमत अशी की लघवीच्याच बिल्हार्झियासाठी ती तितकी चांगली चालत नाही. त्यासाठी लायडनची अधिक सूक्ष्म परीक्षा आहे, पण तिला प्रयोगशाळा लागते. गरिबांच्या रोगाची परीक्षा विकून फारसा नफा होत नाही, म्हणून या पट्ट्या कोण बनवणार आणि कोण विकत घेणार, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या प्रश्नांइतकाच अवघड ठरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या रोगासाठी प्रतिबंधक औषधाची गरज होती. शाळांतून ते देताना मुलाचे वजनही करीत नाहीत. खुणा केलेल्या उंच काठीला मुलाला टेकून उभे करतात आणि उंचीवरून गोळ्या ठरवतात.

या सगळ्या शोधांत एक वर्ग मात्र मागे राहिला. कालव्यावर धुणी धुणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, भातशेतीत वाकून राबणाऱ्या स्त्रिया पुरुषांइतक्याच, किंबहुना अधिक वेळ पाण्यात असतात. त्यांच्या शरीरात अंडी मूत्राशयाखेरीज जननमार्गातही अडकतात. तेथे जखमा होतात, वांझपण येते, आणि एच.आय.व्ही.च्या लागणीस वाट मिळत असल्याचे अनेक अभ्यासांनी सुचवले आहे. अशा स्त्रीची लघवी अगदी स्वच्छ असू शकते. बाटली निर्दोष म्हणते आणि रोग आत तसाच राहतो. दवाखान्यात गेलीच तर तिला गुप्तरोगाची शिकार ठरवून चुकीचे औषध दिले जाते, आणि घरी तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवले जाते. मुलींच्या लाल लघवीकडे पाळीचे म्हणून दुर्लक्ष होते, मुलाच्या लाल लघवीकडे पौरुषाचे म्हणून. डॉक्टरांना हे विकार डोळ्यांनी ओळखता यावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली खिशात मावेल असा एक सचित्र ग्रंथ काढला. परंतु त्या तपासणीसाठी विशेष साधने आणि शिकलेली माणसे लागतात, आणि ती खेड्यात नसतात.

२०१८ साली झांबियात एका अभ्यासगटाने निराळा मार्ग चोखाळला. आरोग्यसेविका घरोघर गेल्या. त्यांनी स्त्रियांना कापसाचा बोळा लावलेल्या काड्या दिल्या आणि नमुना कसा घ्यावा हे समजावून सांगितले. दार लावून घेऊन, आपल्याच घरात, आपल्याच हाताने त्या स्त्रियांनी नमुने घेतले आणि सेविकांच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत त्यांची परीक्षा झाली, आणि काही जणींच्या नमुन्यांत तो कृमी सापडला.